शाळेतली लस: सही करण्याआधी आणि कार्ड हरवल्यावर

प्रश्न: माझा मुलगा पाचवीत आहे आणि मुलगी सीनियर केजीत. मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे की पुढच्या आठवड्यात पाचवीच्या मुलांना टीडीची लस देणार, संमतीपत्रावर सही करून पाठवा. त्याचे लहानपणचे सगळे डोस खासगी डॉक्टरांकडे झालेत. आठ महिन्यांपूर्वी सायकलवरून पडला तेव्हा टीटीचं इंजेक्शनही घेतलं. मग हे पुन्हा कशाला? सक्तीचं आहे का? मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी एका शाळेने लसीकरण कार्डाची झेरॉक्स मागितली आहे आणि ते कार्ड घर बदलताना हरवलं. प्रवेश अडेल का? माझ्या जाऊबाई अमेरिकेला निघाल्यात. त्या म्हणतात, तिथे लसीशिवाय मुलांना शाळेत बसूच देत नाहीत. मग आपल्याकडे तसं का नाही?

उत्तर:

ताई, आधी घाईचं सांगतो. मुलाच्या चिठ्ठीवर सही करा आणि सहीखाली टीटी कोणत्या महिन्यात घेतलं ते लिहा. मुलीचा प्रवेश कार्डावाचून अडू नये, आणि अडवलाच तर काय करायचं ते पुढे सांगतो. पण तिचं कार्ड शोधाच. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा एक डोस तिच्या वाट्याला याच वर्षी येतो आणि त्याला सातव्या वाढदिवसाची मुदत आहे. प्रवेशापेक्षा मला त्या डोसची काळजी जास्त वाटते.

आता सविस्तर. मी २६ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये वैद्यकीय अधिकारी होतो, त्यातली बरीचशी मराठवाड्यात. बाळांचं लसीकरण आमच्याकडे बऱ्यापैकी बसलेलं असतं. आशाताई घर ओळखतात, सिस्टरच्या वहीत नाव असतं, अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी सत्र होतं, आई बाळाला घेऊन येते. दीड-दोन वर्षांचा डोस झाला की हा धागा सैल पडतो. पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे डोस हे आपल्या वेळापत्रकातले सगळ्यात दुर्लक्षित डोस आहेत. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांचे राहतात, तसेच खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांचेही राहतात. खासगी फाइल पाच वर्षांपर्यंत भरलेली असते आणि मग तिला धूळ लागते, कारण दहा वर्षांच्या धडधाकट मुलाला घेऊन कोण बालरोगतज्ज्ञाकडे जातं? तुम्ही ‘सगळे डोस झालेत’ म्हणता ते लहानपणापुरतं खरं आहे. दहाव्या वर्षाचा डोस त्यात नाही, कारण तेव्हा तो दहा वर्षांचा नव्हता.

टीटी म्हणजे फक्त धनुर्वाताची लस. टीडीमध्ये धनुर्वाताबरोबर घटसर्पाचा (डिप्थीरियाचा) थोड्या मात्रेचा भागही असतो. २०१९च्या सुमारास सरकारने राष्ट्रीय वेळापत्रकातून टीटी काढून टीडी आणली, त्याचं कारण हेच. लहानपणी घेतलेल्या लसीचं घटसर्पाविरुद्धचं बळ वर्षांगणिक ओसरतं. पूर्वी अगदी लहान मुलांचा समजला जाणारा हा आजार मग शाळेतल्या, अगदी कॉलेजातल्या मुलांमध्ये दिसू लागला. सायकलवरून पडल्यावर घेतलेल्या टीटीने तुमच्या मुलाला घटसर्पापासून काहीही मिळालेलं नाही. टीटीनंतर काही महिन्यांनी टीडी घेतली तर दंड जरा जास्त दुखेल, कदाचित एक-दोन दिवस सुजेल, एवढंच. मात्र तेव्हाचा कागद काढून बघा. पुष्कळ दवाखान्यांत आता जखमेलाही टीडीच देतात आणि सवयीने आपण सगळे त्याला टीटी म्हणतो. कागदावर टीडी लिहिलेलं असेल, किंवा खासगी डॉक्टरांनी दहाव्या वर्षाची टीडॅप (टीडीसारखीच, पण डांग्या खोकल्याचाही भाग असलेली लस) आधीच दिली असेल, तर शाळेत लगेच पुन्हा टोचायची गरज नाही. तो कागद सिस्टरना दाखवा, त्या नोंद करून घेतील.

घटसर्प हा शब्द आजच्या आयांना पुस्तकातला वाटतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची, डिसेंबरातली गोष्ट. अकरा वर्षांचा मुलगा. आई-बाप ऊसतोडीला, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर गेलेले. त्या वर्षी पोराची शाळा बुडू नये म्हणून त्याला आजीजवळ ठेवला होता. घसा दुखतोय म्हणून आजीने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. ताप फारसा नव्हता, म्हणून चार दिवस गेले. माझ्याकडे आला तेव्हा मान दोन्ही बाजूंनी सुजून डोक्याएवढी झालेली, आणि घशात करड्या-पांढऱ्या रंगाचा चिवट पापुद्रा. तो कापसाच्या बोळ्याने नुसता हलवला तरी रक्त येत होतं. मी लगेच पुढे पाठवला. घटसर्पाचं विष उतरवणारं सीरम मिळायला दुसरा दिवस उजाडला. घसा मोकळा झाला, पोरगा जेवायला लागला, आई-बापही येऊन पोहोचले. बाराव्या दिवशी वॉर्डातून संडासाला चालत जाताना तो कोसळला. घटसर्पाचे जंतू घशात राहतात, पण त्यांचं विष रक्तातून हृदयात जातं आणि तिथला स्नायू निकामी करतं. घसा बरा झाल्यावरही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे होऊ शकतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

नंतर त्याचं कार्ड मिळालं. बाळपणीचे तीन डोस होते. दीड वर्षाचा बूस्टर नव्हता, पाच वर्षांचा नव्हता. दोन्ही हिवाळ्यांत कुटुंब फडावर होतं. दहाव्या वर्षाचं इंजेक्शन शाळेत आलं तेव्हाही तो फडावरच्या पालात होता. त्याच्या वर्गातल्या मुलांना आम्ही औषध दिलं, लसी दिल्या. तेव्हा कळलं की ऊसतोडीला न जाणाऱ्या, बारा महिने गावातच राहणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांनाही बूस्टर दिल्याचं आठवत नव्हतं. ते सगळे रोज एका खोलीत मांडीला मांडी लावून बसत होते.

शाळेत लस का देतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. दहा वर्षांची मुलं अंगणवाडीत सापडत नाहीत, दवाखान्यात येत नाहीत. ती एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी सापडतात. उरलेलं निम्मं उत्तर असं की साथही तिथेच पसरते. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना तो आजार देतो. गोवर थोपवायचा तर शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ सुरू झाली, भिवंडी-मालेगावातही पसरली, मुलं दगावली. त्यात बहुतेक आजारी मुलं अशीच होती, ज्यांचे डोस कोविडच्या काळात किंवा इतर कारणाने राहिले होते. गोवंडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत काय किंवा चाळीस मुलांच्या वर्गात काय, गोवराला सारखंच.

आता सक्तीचा प्रश्न. सरळ उत्तर: नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात, म्हणजे १९७८ साली सुरू होऊन १९८५ पासून ‘सार्वत्रिक’ झालेल्या कार्यक्रमात, लस मोफत आहे, पण घेतली नाही म्हणून मुलाला शाळेतून काढता येत नाही. गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी दिल्लीत काही पालक न्यायालयात गेले होते. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मुलांना सक्तीने किंवा पालकांच्या संमतीवाचून लस देता येईल हे गृहीत धरणंच चूक आहे, आणि लसीचे संभाव्य दुष्परिणाम व ती कुणाला देऊ नये हेही पालकांना कळवलं पाहिजे. कोविडच्या लसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही असा निकाल दिला, पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याची सरकारची मुभा कायम ठेवली. तुमच्या हातात आलेली चिठ्ठी हा त्यामुळे खरा प्रश्न आहे, त्याला ‘नाही’ असंही उत्तर देता येतं. म्हणूनच मला वाटतं ती डब्याबरोबर दप्तरात कोंबण्याआधी वाचायला हवी. उत्तर ‘हो’ असलं तरीही.

आपल्याकडे कधी सक्ती नव्हती असं मात्र नाही. १८०२च्या जूनमध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली. १८७७ मध्ये मुंबई शहरासाठी आणि १८८०च्या कायद्याने देशातल्या ठिकठिकाणच्या नगरपालिकांसाठी बाळाला देवी टोचून घेणं बंधनकारक झालं. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर ते मोठे गोल व्रण पाहिले असतील. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि नव्या पिढीच्या दंडावरून ते व्रण गेले. पण सक्तीची दुसरीही आठवण या प्रांताला आहे. १८९७च्या प्लेगात पुण्यात सोजिरांनी घरात घुसून तपासण्या केल्या, माणसं बाहेर काढली. त्या संतापाची परिणती रँडच्या वधात झाली, हा इतिहास शाळेत सगळे शिकतात. आजार खरा होता, धोका खरा होता, तरी लोकांनी आरोग्य खात्याकडे शत्रू म्हणून पाहिलं. नोकरीत रुजू झालो तेव्हा मीही सक्तीच्या बाजूचा होतो. दारोदार फिरल्यावर मत बदललं.

त्याला एक कारण २०१८ची गोवर-रुबेला मोहीम. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबरला सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, आधी लस झालेली असो वा नसो, एक डोस द्यायचा होता. पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरला की या लसीने पुढे मुलं होत नाहीत. माझ्या भागातल्या एका शाळेत आम्ही लसीचा डबा घेऊन पोहोचलो तर वर्ग अर्धे रिकामे. वरून निरोप होता, ‘मुख्याध्यापकांमार्फत पालकांना समज द्या.’ मुख्याध्यापकांनी समज दिली नाही. त्यांनी संध्याकाळी आयांना बोलावलं, मला आणि सिस्टरना समोर बसवलं, आणि दीड तास प्रश्न विचारू दिले. डुकराचं काही आहे का यात? ताप येऊन पोर आडवं झालं तर रात्री कुणाला फोन करायचा? माझ्या पोरीला फिट येते, चालेल का? मी माझा मोबाइल नंबर फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यात आधी स्वतःच्या मुलीला लस दिली. तिसऱ्या दिवसापर्यंत मोजकी मुलं सोडली तर सगळी झाली. उरलेल्यांपैकी एकीवर खरोखरच कर्करोगाचे उपचार चालू होते. तिला ती लस द्यायचीच नव्हती, आणि प्रश्न विचारू दिले म्हणूनच ते आम्हाला कळलं.

सिक्कीमचं उदाहरण याहून मोठं आहे. २०१८ मध्ये त्या राज्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस शाळाशाळांतून दिली. आधी शिक्षक, मग पालक, मग पत्रकार अशा क्रमाने बैठका घेतल्या आणि मग सुई काढली. ९५ टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली.

तुमच्या जाऊबाई सांगतात ते खरं आहे. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत शाळेत जाण्यासाठी लसींची अट आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एका मुलीला लस नाही म्हणून शाळेत घेतलं नव्हतं, आणि १९२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. पण अटीबरोबर सवलतीही आहेत. बहुतेक राज्यांत धार्मिक किंवा इतर कारणाने पालकांना सूट मागता येते. त्याच टेक्सासमध्ये गेन्स काउंटी म्हणून एक भाग आहे, तिथे बालवाडीतल्या जवळपास १८ टक्के मुलांना अशी सूट होती. २०२५च्या जानेवारीत तिथे गोवर शिरला, शेकडो लोकांना झाला आणि लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं गेली. दहा वर्षांत त्या देशात गोवराने कुणी दगावलं नव्हतं.

जाऊबाईंना मात्र माझ्या वतीने एक सांगा, कारण आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची तिथे हीच अडचण होते. आपली लसीकरणं चांगली असली तरी त्यांच्या मोजपट्टीत काही बसत नाहीत. गोवराचा जो डोस आपण नवव्या महिन्यात देतो तो ते धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचे दोनच डोस धरतात, आणि त्यात गालगुंडाचा भागही हवा असतो. आपल्या सरकारी एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंड नाही. कावीळ-ब चा शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यानंतरचा हवा असतो. आपल्या सरकारी वेळापत्रकात तो १४ आठवड्यांना संपतो, म्हणून आणखी एक लागतो. एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंब तिथे मोजत नाहीत, इंजेक्शनचा पोलिओ हवा. कांजिण्यांचे दोन डोस बहुतेक ठिकाणी लागतात आणि ते आपल्या सरकारी कार्यक्रमात मुळीच नाहीत. राज्याराज्यांत फरक असतो, म्हणून ज्या शाळेत जायचं तिची यादी मागवा आणि विमानाच्या दोन महिने आधी इथल्या बालरोगतज्ज्ञांकडे ती घेऊन बसा. इथे हे बरंच स्वस्तात होतं. बीसीजीचा, म्हणजे क्षयाविरुद्धच्या लसीचा, व्रण पाहून तिथे क्षयाची तपासणी सांगतील. कातडीची टोचणी बीसीजीमुळे फसवी येऊ शकते, म्हणून रक्ताची तपासणी मागून घ्या.

आता मुलीचं कार्ड. शाळा कार्ड मागते याला माझा विरोध नाही. उलट प्रत्येक शाळेने पहिलीत मागावं असंच मला वाटतं. कशासाठी मागते हा माझा प्रश्न आहे. फाइलमध्ये लावण्यासाठी मागत असेल तर तो कागद वाया गेला. ज्यांचं कार्ड नाही त्यांना परत पाठवण्यासाठी मागत असेल तर ते वाईटच, कारण ज्याच्याकडे कार्ड नाही ते बहुधा माझ्या त्या ऊसतोडीच्या पोरासारखंच असणार, आणि शाळेचं दारही बंद झालं तर ते आम्हाला परत कधी सापडणार? शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही, आणि लसीची अट त्या कायद्यात कुठेच नाही. शाळेने अडवलं तर एवढंच लिहून द्या: ‘कार्ड गहाळ झाले आहे, नोंदी मिळवत आहोत, मिळताच सादर करू.’ तरीही अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करा. कार्ड मागून राहिलेल्यांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला देणाऱ्या दोन-तीन शाळा मी पाहिल्यात. एका वर्गशिक्षिकेने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली अकरा नावं आमच्या सिस्टरच्या हातात दिली होती. त्या अकरा मुलांचे डोस पंधरा दिवसांत पूर्ण झाले.

हरवलेल्या कार्डामागे नोंदी असतात, त्या मिळवायच्या. ज्या रुग्णालयात जन्म झाला तिथे जन्माच्या वेळचे डोस नोंदलेले असतात. बालरोगतज्ज्ञांकडे मुलीची जन्मतारीख आणि तुमचा तेव्हाचा मोबाइल नंबर सांगा, बहुतेकांकडे आता संगणकावर फाइल असते. सरकारी केंद्रात काही डोस घेतले असतील तर तिथल्या रजिस्टरमध्ये आणि ऑनलाइन नोंदीत आईचं नाव सापडतं. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत, नोंद झाली असेल तर मोबाइल नंबरवरून प्रमाणपत्रही निघतं. घरात जुने फोटो चाळा. पुष्कळ आया डोसच्या दिवशी कार्डाचा फोटो काढून नवऱ्याला पाठवतात आणि विसरून जातात. मी असे तीन-चार जणींना त्यांच्या चॅटमधूनच कार्ड काढून दिलंय.

काहीच मिळालं नाही तर? डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण बाकीच्या लसींचा पुरावा होत नाही, आणि व्रण नसेल तर बीसीजी झालीच नाही असंही म्हणता येत नाही. ‘सगळं झालंय, मला आठवतं’ यावर डॉक्टर विसंबत नाहीत आणि विसंबूही नये. आयांची आठवण खोटी असते असं मी म्हणत नाही. दोन मुलांचे डोस एकमेकांत मिसळतात, एवढंच. अशा वेळी जे नोंदीत नाही ते झालं नाही असं धरून पुढचं ठरवतात. गोवराचा किंवा पोलिओचा एखादा डोस जास्त झाला तर काही बिघडत नाही. डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या एकत्र लसीचे) डोस मोजूनमापून द्यावे लागतात, फार झाले तर हात सुजतो. ते डॉक्टर बघतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एखादा डोस राहिला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. ‘आता खूप उशीर झाला, सगळं परत घ्यावं लागेल’ या भीतीने लोक येतच नाहीत, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

तुमच्या मुलीला आता डीपीटीचा दुसरा बूस्टर हवा. सरकारी केंद्रात मोफत मिळतो. सात वर्षांनंतर ही लस देत नाहीत, त्यापुढे टीडी, आणि तीत डांग्या खोकल्याचा भाग नसतो. म्हणून ती मुदत सांगितली. खासगीत गेलात तर याच वयात एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) आणखी एक डोस आणि पोलिओचं इंजेक्शनही सुचवतील; परवडत असेल तर घ्या.

शाळेतल्या दिवसाबद्दल थोडं. एके काळी माझ्या नियोजनातली एक चूक मला महागात पडली. दहावीच्या मुलींना व्हरांड्यात रांगेत उभं केलं होतं. परीक्षेची तयारी म्हणून सकाळपासून जादा तास, बऱ्याच जणी उपाशी. पुढचीला सुई टोचताना मागची बघत होती. एक चक्कर येऊन पडली, ते बघून दुसरी, मग बघता बघता आठ-नऊ जणी. गावभर बातमी गेली की लसीत विष होतं. लसीत काहीच नव्हतं. भीती, उपाशी पोट आणि उकाडा यांनी ते झालं, पाय वर करून झोपवल्यावर दहा मिनिटांत सगळ्या उठून बसल्या. पण पालक धावत आले तेव्हा त्यांना हे पटवायला रात्र झाली, आणि पुढची दोन वर्षं त्या गावात संमतीच्या चिठ्ठ्या कोऱ्या यायच्या. त्यानंतर मी लस नेहमी वेगळ्या खोलीत, एकेकाला बाकावर बसवून, आणि आधी पोटात काहीतरी गेल्यावरच दिली. तुम्ही मुलाला त्या दिवशी पोहे-उपमा काहीतरी खाऊ घालून पाठवा. सैल बाह्यांचा शर्ट. आदल्या रात्री सरळ सांगा: टोचेल, दुखेल, संपेल. ‘काही होत नाही’ म्हणू नका, त्याला थोडं दुखणारच आहे आणि मग तो तुमचं पुढचं ऐकणार नाही.

शाळेत काय बघायचं हे तुम्हाला माहीत असावं. सुई प्रत्येक मुलाला नवी आणि एकदा वापरली की आपोआप अडकणारी असते. नंतर सिस्टर ती कटरने तोडतात. लसीच्या बाटलीवर वर्तुळात एक चौकोन असतो. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस थंडाव्यात राहिलेली, वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती वापरायची नसते. विचारलंत तर कुठलीही चांगली सिस्टर बाटली हातात घेऊन दाखवेल, रागावणार नाही. लस झाल्यावर अर्धा तास मुलांना तिथेच बसवायचं असतं. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं अशी तीव्र अ‍ॅलर्जी लाखो डोसांमागे एखादीच होते, पण झाली तर बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात, आणि त्यासाठीचं अ‍ॅड्रिनलिन त्यांच्या पेटीत असतं. टीडीनंतर दंड दुखणं, कणकण, छोटी गाठ हे नेहमीचं. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. दंड चोळू नका.

त्या दिवशी मुलाला चांगलाच ताप असेल तर लस पुढे ढकला. साधी सर्दी-खोकला असेल तर थांबायचं कारण नाही. पूर्वीच्या एखाद्या डोसनंतर श्वास लागणं-सूज असं काही झालं असेल, रक्ताचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, स्टिरॉइड चालू असतील, तर ते चिठ्ठीवर लिहा आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. फिट येणाऱ्या मुलांना टीडी चालते. मोठ्या मुली लाजत लाजत सिस्टरला विचारतात की पाळी चालू आहे, इंजेक्शन घेतलं तर चालेल का. चालतं, काहीही होत नाही. घरी आईने आधीच सांगितलं तर बरं, नाही तर त्या दिवशी त्या खोटं बोलून घरी बसतात आणि डोस जातो.

मुलगा घरी आल्यावर त्याच्या चिठ्ठीचा तुकडा मागा, त्यावर लसीचं नाव आणि तारीख असते. नसेल तर दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांकडून लिहून आणा, जुन्या फाइलमध्ये लावा आणि फोटो काढून ठेवा. त्याचा पुढचा डोस सोळाव्या वर्षी, म्हणजे दहावीच्या आसपास. तो सगळ्यात जास्त मुलांचा चुकतो. शाळेला बोर्डाची घाई असते, मुलं क्लासला असतात, आणि अकरावीत कॉलेज बदललं की कुणीच विचारत नाही. शाळेत नाही मिळाला तर जवळच्या सरकारी केंद्रात लसीकरणाच्या दिवशी जा, मोफत मिळतो. फोनमध्ये त्या वर्षाची आठवण आजच लावून ठेवा.